आधी घास, मग गोळी

बाईंच्या घरात ‘डोकं दुखतंय’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणायला कुणी मनाई केली नव्हती; पण एकदा म्हटलं की पुढचा अर्धा तास आपला राहायचा नाही. कुठं दुखतंय, कधीपासून, एका बाजूनं की दोन्ही, आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न. तो त्या कुणालाही, कुठंही विचारायच्या : ‘‘जेवलीस का?’’

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलेली परकी मुलगी होते. वसमतला एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात काम मिळालं होतं. आखाडा बाळापूरहून रोज एसटीनं ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून एका रविवारी खोली शोधत फिरत होते. ऊन मी म्हणत होतं. एका दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ असं चक्क खडूनं लिहिलेलं दिसलं. अक्षर असं की वाटावं, आता खाली तारीख आणि पटसंख्याही असणार. मी कडी वाजवली, पाणी मागितलं आणि पर्समधून डोकेदुखीची गोळी काढली. ती तोंडापर्यंत जायच्या आत एका हाडकुळ्या हातानं माझं मनगट धरलं.

‘‘जेवलीस का?’’

‘‘सकाळी खाल्लं होतं.’’

‘‘काय खाल्लं?’’

‘‘चहा.’’

‘‘चहा खातेत का कुठं? वैनी, अर्धी भाकर आन गं!’’

आतून एक ठेंगणी, वाकलेली म्हातारी भिंत धरत धरत आली. ताटलीत ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी. मी खाईपर्यंत बाई माझी गोळी मुठीत धरून उभ्या होत्या. मग गोळी दिली, आणि खोली दाखवायच्या आधी मला माझं पोट दाखवलं. कमरेच्या बटव्यातून खडू काढून ओट्याच्या फरशीवर जठर काढलं, त्याला आतून एक रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘‘हे अस्तर. हे शाबूत ठेवणार असशील तर वरची खोली तुझी.’’

घरमालक पाळलेल्या कुत्र्याची अट घालतात, मांसाहाराची घालतात, रात्री उशिरा यायची घालतात. पोटाच्या अस्तराची अट घालणारी मालकीण मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली, आणि नंतरही दुसरी पाहिली नाही.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. उंच, काटकुळ्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मीही विचारलं नाही. घरात त्या आणि त्यांची वहिनी. भाऊ कधीच गेला होता, पण नणंद-भावजयीचा संसार चालू होता. वहिनी वयानं बऱ्याच मोठ्या, तरी जुन्या रीतीनं त्या बाईंना ‘वन्सं, तुमी’ म्हणायच्या. आणि बाई, ज्यांना सगळं वसमत ‘बाई’ म्हणून नमस्कार करायचं, त्या वहिनीला लेकरासारखं ‘तू’ म्हणायच्या.

बाईंना जगात दोन गोष्टींची चीड होती. एक, ‘सोसते ती चांगली बाई’ असं म्हणणारे लोक. दोन, रिकाम्या पोटी गोळी घेणारे लोक. ‘‘सोसण्यात पुण्य असतं तर गाढव कधीच वैकुंठाला गेलं असतं,’’ असं म्हणायच्या. दुखत असेल तर गोळी घ्यावी, उगाच हालाला कवटाळू नये. पण घ्यायची तर ती काय करते ते कळून घ्यावी. आपल्या घरात कुणाला घेतोय ते बघायला नको का, हा त्यांचा मुद्दा असायचा.

शाळेत असताना त्यांच्या टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा असे. त्यात दशम्या. पाळीमुळं पोट धरून बसलेल्या मुलीला बाकीच्या शिक्षिका ‘जरा पडून राहा’ म्हणायच्या. बाई तिला बोलावून आधी दशमी खाऊ घालायच्या, घरून चिठ्ठी आणलेली असली तर गोळी द्यायच्या आणि मग तिला समोर बसवून सगळं सांगायच्या. की हे दुखणं लाजायचं नाही, नखऱ्याचं नाही. पोटातली पिशवी स्वतःच एक रसायन बनवते, त्यानं ती आवळते, आवळली की कळ येते. गोळी ते रसायन बनणंच कमी करते. ‘‘गोळीला लागू पडायला अर्धा तास लागतो,’’ त्या म्हणायच्या, ‘‘आणि माझं बोलणं आवरायलाही तेवढाच लागतो. त्यामुळं गुण कुणाचा ते पोरींना कधी कळलंच न्हाई.’’

एकदा एका मुलीचे वडील तणतणत शाळेत आले. ही गोष्ट मला बाईंनी नाही, वहिनींनी सांगितली, तीही डाळ निवडता निवडता, हसून हसून.

‘‘त्यो म्हनला, पोरीला हे काय शिकवून राहिल्या तुमी? तर वन्सं म्हनल्या, तुमच्या पोरीच्या पोटात दुखतंय ते नाटक न्हाई, रसायन हाय, हे शिकवून राहिले. मंग त्येला खुर्चीवर बसवला. इचारलं, जेवलात का? त्यो कशाचा जेवतोय, रागानं तसाच आल्ता. मंग काय, दशमी खाऊ घातली न् फळ्यावर समदं काढून दाखवलं. गप ऐकलं बिचाऱ्यानं. खालमानेनं गेला घरी.’’

पुढं दर हंगामाला त्याच माणसाच्या शेतातून डब्यासाठी शेंगांचं गाठोडं यायचं, असंही त्या म्हणाल्या.

बाईंचा सगळ्यात आवडता प्रश्न होता : ‘‘गुडघा दुखतो तेव्हा गोळी पोटात जाते. मग तिला कसं कळतं गुडघा कुठं आहे?’’ हा प्रश्न त्या भाजीवाल्याला घालायच्या, रिक्षावाल्याला घालायच्या, गॅसची टाकी आणणाऱ्यालाही घालायच्या. बहुतेक जण डोकं खाजवायचे. वहिनींकडं मात्र याचं उत्तर होतं. त्या गोळी गिळताना डावा हात गुडघ्यावरून फिरवायच्या, म्हणजे गोळीला वाट सापडते. बाईंनी त्यांना लाख वेळा सांगितलं असेल की तसं नसतं. वहिनी ‘‘व्हय का?’’ म्हणायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा हात फिरवायच्या.

खरं उत्तर मला कळलं ते गिरणीत. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाई दळणाचा डबा घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, ‘‘चल, तुला गोळी दाखवते.’’ कोपऱ्यावरच्या गिरणीत नेलं. गिरणीवाला बाईंना पाहून जरा दचकलाच. त्याला पूर्वानुभव असावा. बाईंनी माझ्या कानाशी ओरडून, कारण गिरणी चालू होती, धडा सुरू केला.

‘‘हे वरून धान्य पडतंय ना, ती पेशीच्या भिंतीतली चरबी समज. लागलं, मुरगळलं, झिजलं की ती सुटी होते आन या गिरणीत पडते. खाली पीठ येतंय, ते दुखण्याचं रसायन. हे पीठ शिरांच्या टोकाला बसलं की शीर इतकी हळवी होते की नुसता पदर लागला तरी बोंब मारते. आन सूज येते ती येगळीच. आता गोळी काय करते?’’ असं म्हणून त्यांनी डब्यावर झाकलेलं ताट सरळ गिरणीच्या वरच्या तोंडावर आडवं घातलं. ज्वारी ताटात साचू लागली, जातं रिकामंच घरघरायला लागलं.

‘‘बाई!’’ गिरणीवाला धावला. ‘‘दगडं झिजतेत की माझी! दुकान बंद पाडून राहिल्या का?’’

‘‘एवढंच करते गोळी,’’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘जखम भरत न्हाई, झीज भरत न्हाई. गिरणीच्या तोंडात जाऊन बसते. पीठ कमी, बोंब कमी. आन ती गुडघ्याची वाट हुडकत न्हाई गं, रक्ताबरोबर सगळ्या अंगात हिंडते. जिथं गिरणी जोरात चालू, तिथं तिचा गुण दिसतो.’’

ताट काढलं, गिरणी पुन्हा दळू लागली. आम्ही दोघी पिठानं पांढऱ्या झालो होतो. घरी येताना त्यांनी उरलेला अर्धा धडा सांगितला, आणि तो सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. अंगात अशा गिरण्या दोन जातीच्या असतात. एक दुखण्याखुपण्याच्या वेळी जोर धरते. दुसरी रोजची, घरगुती. तिच्या पिठावर पोटाचं अस्तर जगतं, मूत्रपिंडाला रक्त बराबर मिळतं. गोळी आंधळी. ती दोन्हींना टाळं लावते. अस्तर उघडं पडतं आणि पोटातलं आम्ल पोटालाच खायला लागतं. ‘‘अन्नानं सगळं वाचतं असं न्हाई. रोज रोज घेतली तर भरल्या पोटीबी खाते. पण रिकाम्या पोटी घेणं म्हणजे चोराला दार उघडून देणं.’’

मला वाटलं, बाईंचं हे सगळं वेड विज्ञानाच्या प्रेमातून आलंय. ते कुठून आलंय ते मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हापासून मला त्यांच्या ‘जेवलीस का’चा कधी राग आला नाही.

बाई लहान असतानाच आई गेली. वहिनीनं वाढवलं. हळदीच्या हंगामात वहिनी लोकांच्या शेतात हळद काढायला जायच्या. दिवसभर उकिडवं बसून कंद उपटायचे, माती झटकायची, शिजवलेली हळद वाळवणावर पाय घासत फिरवायची. त्यातच गुडघे गेले. पहाटे दोन भाकरी व्हायच्या. एक भावाची. दुसरी वहिनी अर्धी मोडून, मोठा अर्धा या लेकराच्या दप्तरात घालायच्या आणि छोटा स्वतःला ठेवायच्या. काही दिवस मात्र भाकर एकच व्हायची. तेव्हाही दप्तरात मोठा तुकडा असायचाच, आणि ‘‘वैनी, तू?’’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘‘मी जेवले.’’

‘‘मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं,’’ बाई मला एकदा म्हणाल्या. ‘‘मोठी झाल्यावर कळलं. तवापासून मी कुणाच्याच ‘जेवले’वर इस्वास ठेवत न्हाई.’’

अशा बाईंच्या घरात वहिनी उपास करायच्या. आणि थोडेथोडके नाहीत. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, शिवाय आठवड्यात एखादा दिवस मोकळा दिसला की त्यालाही देव सापडायचा. गुडघ्याची गोळी रोजची नव्हती, पण चालायचं असलं, थंडी असली, की लागायचीच. मग भांडण ठरलेलं.

‘‘गोळीनं काय उपास मोडत न्हाई वन्सं. गोळी काय अन्न न्हाई.’’

‘‘गोळीनं मोडत न्हाई, गोळीसाठी मोडावा लागतो!’’

‘‘मंग आज घेत न्हाई गोळी. सोसते.’’

‘‘सोसायचं न्हाई!’’

‘‘आता काय करू? घेऊ बी नको, सोसू बी नको. तुमीच इचारा देवाला.’’

शेवटी तह झाला होता. उपासाला रताळं, राजगिरा, केळं, काहीतरी पोटात घालायचं, मगच गोळी. हा तह वर्षातले सगळे दिवस पाळला जायचा. एक सोडून.

महाशिवरात्रीला वहिनी औंढ्याला जायच्या. ज्यांनी नागनाथाचं देऊळ पाहिलंय त्यांना सांगायला नको. पण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते की तिथं देव वर नाही, खाली आहे. सभामंडपाच्या जमिनीतच एक अरुंद वाट उघडते, उंच उंच पायऱ्यांनी, वाकून, भिंतीला धरत तळघरात उतरावं लागतं. धडधाकट माणसाची मांडी भरून येते. वहिनी लग्न झाल्या वर्षापासून त्या पायऱ्या उतरत होत्या, आणि दर्शन होईपर्यंत तोंडात काही घालत नव्हत्या. बाई देवळात जायच्या नाहीत. त्यांचं देवाशी भांडण नव्हतं, नुसती ओळख नव्हती.

त्या वर्षी वहिनी गल्लीतल्या बायकांबरोबर जीपनं गेल्या. दुपारी बाईंनी फोन लावला, मी शेजारीच बसले होते. बायकांनी फोन वहिनींच्या कानाला लावला.

‘‘वैनी, रांगेतच हाय का अजून? काही खाल्लंस का?’’

‘‘खाल्लं की. रताळं खाल्लं.’’

‘‘गोळी?’’

‘‘खाल्ल्यावर घेतली. बराबर घेतली. ठेवते.’’

बाई समाधानानं माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘‘बघ, सुधारली.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी न्हाणीच्या दाराशी कोसळल्या. अंगाला घाम, चेहरा राखेसारखा, आणि शौचाला काळंकुट्ट डांबरासारखं झालेलं. बाईंना एका नजरेत कळलं. किंचाळणं नाही, रडणं नाही; त्यांनी गाडी बोलावली. नांदेडच्या दवाखान्यात रक्त चढवलं, दुर्बीण घातली. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त गेलं होतं. तरुण डॉक्टर म्हणाला, ‘‘आजी वाचल्या. पण या जातीच्या गोळ्या आता बंद. कायमच्या.’’ मग त्यानं विचारलं की रिकाम्या पोटी घेतल्या होत्या का.

वहिनींनी छताकडं बघत सांगितलं. आदल्या संध्याकाळपासून निरंकार उपास. रांगेत गुडघे उचलेनात म्हणून एक गोळी, आणि पायऱ्या दिसल्यावर भीती वाटली म्हणून लगेच आणखी एक. घोटभर पाण्यावर.

‘‘मला तर रताळं म्हनालीस,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुमी रागावल्या असत्या वन्सं. आन खाल्लं असतं तर देव चुकला असता. म्हून म्हनलं, खाल्लं म्हनावं.’’

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘‘सगळ्या गावाला धडा दिला मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरातलं माणूस माझ्या धाकानं लपून गोळी घेतंय, हे मला दिसलं न्हाई. ती लहानपणी खोटं बोलली तेच खोटं आता बोलली, आन मी तवा फसले तशीच आताबी फसले.’’ त्या दिवशी दवाखान्यात माणसं येत-जात होती, पण बाईंनी कुणालाही ‘जेवलीस का’ विचारलं नाही. शेवटी मीच खालून दोन केळी आणली आणि म्हटलं, ‘‘बाई, जेवलात का?’’ तेव्हा त्या रडल्या. मलाही रडू आलं. आम्ही दोघींनी रडत रडत केळी खाल्ली.

त्यानंतरचं घर वेगळं होतं. वहिनींना साधी तापाची गोळी चालायची, जी पोटाच्या वाटेला जात नाही, पण सूजही फारशी उतरवत नाही. बाकी शेक, मलम, आणि खुर्चीत बसून पाय हलवायचा व्यायाम. आधी बाईंचा खडू चालायचा, आता त्यांचे हात चालू लागले. संध्याकाळी कापडात गरम वाळूची पुरचुंडी बांधून त्या वहिनींचे गुडघे शेकायच्या. धडा नाही, चित्र नाही. कधी कधी नुसतं विचारायच्या, ‘‘आज लई हाय का?’’ आणि वहिनी म्हणायच्या, ‘‘हाय. पर तुमचा हात हाय ना.’’

याच काळात मला एक गोष्ट दिसली. बाईंचेही गुडघे कुरकुरत होते. त्या पूर्वी दशमी खाऊन अधूनमधून गोळी घ्यायच्या. ती त्यांनी बंद केली होती. जिना चढताना ओठ दाबायच्या. मी चिडवलं, ‘‘बाई, गाढव वैकुंठाला निघालंय का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिला मिळत न्हाई. मी तिच्यासमोर कशी घेऊ?’’

पुन्हा शिवरात्र जवळ आली, तशा वहिनी गप्प गप्प झाल्या. गोळीशिवाय त्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं, आणि गोळी घेतली तर पोट पुन्हा फुटायची भीती. त्या काही मागत नव्हत्या. फक्त एकदा भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘‘लगीन झाल्यापासून खंड न्हाई गं पडला. आता देवाला वाटंल, मेली म्हातारी.’’ त्या माझ्याशी बोलत होत्या, पण पलीकडच्या खोलीत पेपराची घडी घालायचा आवाज थांबला होता.

शिवरात्रीला पहाटे बाई तयार होऊन उभ्या. पांढरे बूट, घड्याळ. म्हणाल्या, ‘‘चल वैनी. तू वर बस. मी उतरते.’’

‘‘तुमी?’’ वहिनी बघतच राहिल्या. ‘‘तुमाला तर देव ठाऊक न्हाई.’’

‘‘त्याला मी ठाऊक असंन की. तुझ्यामुळं.’’

आम्ही तिघी गेलो. जत्रेची गर्दी, बेलाचे ढीग, रताळ्यांचे गाडे, नारळवाल्यांची ओरड. वहिनींना मंडपात खांबाशी बसवायचं ठरलं होतं, पण रांग तिथवर पोचायला फार वेळ होता, म्हणून त्याही कुणीतरी दिलेल्या स्टुलावर आमच्याबरोबर सरकत होत्या. बाई पाय बदलून बदलून उभ्या होत्या. वहिनी त्या पायांकडं बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक फडकं काढून सोडलं. आत ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. महाशिवरात्रीच्या दिवशी, औंढ्याच्या रांगेत, ज्वारीची भाकर! वहिनींनी पहाटे आमच्याही आधी उठून थापली असणार. फडक्याच्या गाठीत एक गोळीही होती.

‘‘खावा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘वैनी, लोक बघायलेत.’’

‘‘बघू द्या. आधी घास, मग गोळी. तुमीच म्हन्ता न्हवं? तुमचे गुडगे मला दिसत न्हाईत का? माज्यासाठी उतरायलात, तर दुखत दुखत नका उतरू. देवाला काय दुखनं दाखवायला चाललात?’’

मागचा एक आजोबा कळवळून म्हणाला, ‘‘अवो, आज शिवरात्र हाय! रांगेत भाकर?’’

मग व्हायचं ते झालं. बाईंनी तोंडातला घास गिळला आणि धडा सुरू केला. गिरणी, पीठ, दोन जातीच्या गिरण्या, आंधळी गोळी. हातात बेल आणि दुधाच्या पिशव्या घेतलेली माणसं ऐकत होती. मध्येच एका बाईनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून विचारलं, ‘‘ही तीच का?’’ मग दुसरीनं काढली, मग त्या आजोबानंही बंडीच्या खिशातून काढली. रांगेतले निम्मे लोक पायऱ्यांच्या भीतीनं गोळी घेऊन आले होते, आणि सगळे उपाशी.

‘‘केळं चालतं का उपासाला?’’ आजोबानं हळूच विचारलं.

‘‘चालतं की. पर तुमचं पोट आधी दुखून गेलं असंल तर केळं खाऊनबी घेऊ नका, डॉक्टरला इचारा,’’ बाई म्हणाल्या. रांगेत केळी फिरली.

मग बाईंनी गोळी तोंडात टाकली. त्या गिळत असताना वहिनींनी स्टुलावरून वाकून बाईंच्या गुडघ्यावरून हात फिरवला, एकदा उजव्या, एकदा डाव्या. गोळीला वाट दाखवली. मी बाईंकडं बघितलं. आता ‘वैनी, तसं नसतं’ येणार असं वाटलं. पण वहिनींनी पायावरचा हात उचलेपर्यंत बाई हलल्या नाहीत.

मंडपात वहिनींना खांबाशी टेकवून बसवलं. बाईंनी बूट देवळाबाहेरच काढले होते. त्या पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन वाकल्या, भिंतीला हात लावला आणि एक एक पायरी खाली जात दिसेनाशा झाल्या. वहिनींनी डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. जिथं बाई दिसेनाशा झाल्या तिथंच त्या नजर लावून बसल्या होत्या.

बऱ्याच वेळानं आधी पांढरं डोकं वर आलं, मग बाकीच्या बाई. साडी ओली, कपाळाला भस्म, केसात बेलाचं पान अडकलेलं. धापा टाकत वहिनींच्या शेजारी येऊन बसल्या.

‘‘झालं?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘काय म्हनल्या त्येला?’’

‘‘मला काही म्हनता येत न्हाई. वैनीनं पाठवलं, एवढंच सांगितलं.’’

‘‘दुखलं का लई?’’

‘‘न्हाई.’’ बाई थांबल्या. ‘‘खरंच न्हाई दुखलं.’’

वहिनींनी पदराच्या टोकानं बाईंच्या कपाळावरचं थोडं भस्म टिपून आपल्या कपाळाला लावलं. मग माझ्याकडं हात केला. ‘‘आन ती भाकर.’’

मला कळेना. बाईंनाही कळलं नाही. ‘‘उद्या सोड ना उपास, वैनी. घरी गेल्यावर रताळं उकडते.’’

‘‘काहून उद्या? वन्सं उतरल्या म्हंजी मीच उतरले. दर्शन झालं माजं. आन आता माजी बी गोळीची येळ झाली, ती साधी. आन.’’

मी फडकं दिलं. बाईंनी रांगेत खाऊन उरलेली अर्धी भाकर होती. वहिनींनी ती हातात घेतली, मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत. त्यांनी दोन्हींकडं बघितलं आणि मोठा तुकडा बाईंच्या हातात ठेवला.

बाई तो तुकडा धरून बसल्या. वहिनींनी पहिला घास चावून पुरता गिळेपर्यंत त्यांनी आपला तोंडाला लावला नाही.